हरवलेल्यांचा शोध : चार महिन्यांतील पाच चित्रपट



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, अध्यात्म असे भारदस्त विषय रोज येत असतात. त्या पंक्तीत आजचा आमचा विषय चित्रपटांचा, आणि त्यातही आवडत्या चित्रपटांचा. तेव्हा कोणाच्या कपाळाला बारीकशी आठी पडली असेल तर आम्हांला नवल वाटणार नाही. चित्रपट हलका की भारी, या वादात आम्ही शिरत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या गोष्टीसाठी हजारो माणसे पदरचे पैसे मोडून अंधारात अडीच तास गप्प बसतात, ती गोष्ट तासभर बोलण्याइतकी तरी भारी असलीच पाहिजे. आपल्याकडे हजार माणसे गप्प बसविणे हे सोपे काम नव्हे. सभाध्यक्षांना ते चांगले ठाऊक आहे.

आमच्यापुढे जी यादी आहे ती २०२४ सालच्या पहिल्या चार महिन्यांची. साल संपल्यावर याद्या सगळेच करतात. तोवर बक्षिसे वाटून झालेली असतात, गल्ल्याचे आकडे छापून आलेले असतात, आणि कोणता चित्रपट आवडला पाहिजे हे जाणकारांनी ठरवून टाकलेले असते. वसंतातली यादी तशी नसते. झाडावर अजून कैऱ्याच असतात. त्यांतली कोणती गोड निघणार हे ज्याने त्याने आपल्या जिभेवर ठरवायचे असते. अशी यादी करण्यात धोका आहे, पण प्रामाणिकपणाही आहे. आता ते साल मागे पडले आहे. यादी शिळी झाली की मुरली, हे पाहण्याची हीच वेळ.

दोन गोष्टी आधी स्पष्ट करतो. पहिली ही की, आवडता चित्रपट आणि उत्तम चित्रपट हे दोन वेगळे शब्द आहेत. उत्तमाला आपण नमस्कार करतो; आवडत्याला घरी घेऊन येतो. दुसरी गोष्ट सालाची. चित्रपट तयार होतो एका गावी, एका साली. आपल्या गावी पोचतो दुसऱ्या साली. आमच्या पाचांपैकी दोन परदेशी चित्रपट मे २०२३ मध्ये फ्रान्समधील कान येथील महोत्सवात प्रथम दाखविले गेले. आमच्यापर्यंत ते या चार महिन्यांत आले. चित्रपट कोणत्या साली बनला हा इतिहासकाराचा प्रश्न, तो आपण कोणत्या साली पाहिला हा रसिकाचा.

ते पाच चित्रपट असे : हिंदीतील 'लापता लेडीज', मल्याळम भाषेतील 'मंजुम्मल बॉईज' आणि 'भ्रमयुगम', जपानी भाषेतील 'परफेक्ट डेज' आणि जर्मन भाषेतील 'द झोन ऑफ इंटरेस्ट'. पहिला हसवितो, दुसरा श्वास रोखायला लावतो, तिसरा भीती घालतो, चौथा शांत करतो आणि पाचवा झोप उडवितो. वरवर पाहता यांच्यात काही नाते नाही. पण पाचही शेजारी शेजारी मांडून पाहिले, तेव्हा त्यांच्यातून एकच धागा ओवलेला दिसला. या पाचही चित्रपटांत माणूस हरवतो. आणि पाचही चित्रपट एकच प्रश्न विचारतात : हरवलेल्याला शोधायचे कोणी?

हरवणे आणि सापडणे हा तर आपल्या चित्रपटांचा जुना धंदाच! १९४३ सालच्या 'किस्मत'पासून तो चालत आला आहे. १९६५ सालच्या 'वक्त'मध्ये भूकंप होतो आणि कुटुंबाची दाणादाण उडते. १९७३ सालच्या 'यादों की बारात'मध्ये घरचे गाणे भावाला भाऊ मिळवून देते. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये तीन भाऊ तीन धर्मांच्या घरी वाढतात आणि शेवटी एकत्र येतात. आपण हे सगळे टाळ्या पिटून पाहिले आहे, आणि पुन्हा लागले तर पुन्हा पाहू. पण त्या चित्रपटांत हरवलेल्याला शोधतो तो योगायोग. आंधळ्याच्या गाई देव राखतो, तसे तेथे कथालेखक राखतो. प्रेक्षकाने फक्त शेवटच्या रिळापर्यंत धीर धरायचा.

आमच्या यादीतले चित्रपट येथे वेगळे पडतात. त्यांत माणूस सापडतो तो कोणाच्या तरी कष्टाने. कोणीतरी चित्र काढते, कोणीतरी दोरीला लोंबकळत खाली उतरते, कोणीतरी रात्री अंधारात सफरचंदे पेरून येते. आणि जेथे असे कष्ट करणारा कोणी नसतो, तेथे माणूस हरवलेलाच राहतो. आजच्या आमच्या सगळ्या बोलण्याचे सार हेच आहे. आता एकेक चित्रपट घेऊ.

'लापता लेडीज' १ मार्च २०२४ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन किरण राव यांचे, मूळ कथा बिप्लव गोस्वामी यांची. काळ २००१ सालचा, ठिकाण 'निर्मल प्रदेश' नावाचे नकाशावर न सापडणारे राज्य. लग्नसराईचे दिवस. आगगाडीच्या एकाच डब्यात दोन-तीन नवी जोडपी, आणि सगळ्या नवऱ्या मुलींच्या तोंडावरून लाल घुंगट. रात्री उतरण्याच्या धांदलीत दीपक नावाचा भाबडा मुलगा भलत्याच मुलीचा हात धरून खाली उतरतो. त्याची स्वतःची बायको, फूल, गाडीतच राहते आणि पुढच्या कुठल्या तरी स्टेशनात एकटी पडते. तिला सासरच्या गावाचे नाव नीट आठवत नाही. नवऱ्याचे नाव तर घ्यायचेच नाही, असे घरून शिकवून पाठविलेले!

पोलिसठाण्यात जो प्रसंग आहे तो पाहताना हसू आवरत नाही, आणि हसून झाल्यावर घशात काहीतरी अडकते. फौजदार हरवलेल्या बायकोचा फोटो मागतो. दीपक मोठ्या भरवशाने लग्नातला फोटो पुढे करतो. फोटोत नवरी आहे, दागिने आहेत, शालू आहे; फक्त चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी घुंगट. आता शोधणार कोणाला? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे वळसा घालायला सगळे तयार आहेत, पण कळसा कसा दिसतो हेच कोणी कधी पाहिलेले नाही. ही मुलगी आगगाडीत हरवली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती लग्नाच्या मांडवातच हरवलेली होती. आगगाडीने ते फक्त उघडकीस आणले.

दीपकच्या घरात हरवलेली ती एकटीच नाही. त्याच्या आईला कमळकाकडीची भाजी आवडत असे. घरात दुसऱ्या कोणाला आवडत नाही म्हणून तिने ती करणेच सोडून दिले. श्रोत्यांमध्ये ज्या भगिनी बसल्या आहेत त्यांनी मनाशी आठवून पाहावे, स्वतःच्या आवडीचा पदार्थ शेवटचा केव्हा केला होता ते. घरात तवा, परात, कालथा सगळे जागच्या जागी सापडते. गृहिणीची आवड तेवढी सापडत नाही.

आणि या हरवलेल्यांना शोधते कोण? दीपकने चुकून घरी आणलेली जया. तिला नको असलेल्या लग्नातून पळून शेतीचे शिक्षण घ्यायचे आहे. दीपकची वहिनी चित्रे छान काढते, हे त्या घरात तिच्याच लक्षात येते. त्या वहिनीच्या हातून फूलचे चित्र काढून घेतले जाते आणि त्या चित्रावरून फूलचा माग लागतो. जो चेहरा फोटोत नव्हता तो एका बाईने दुसऱ्या बाईसाठी कागदावर आणला. तिकडे स्टेशनात फूलला आसरा देते चहाचा ठेला चालविणारी मंजूमाई. ही भूमिका केली आहे आपल्या छाया कदम यांनी. 'फँड्री', 'सैराट', 'न्यूड' या चित्रपटांतून आपण त्यांना ओळखतो. मंजूमाई फूलला उपदेशाचे डोस पाजत नाही. तिच्याकडून कलाकंद करून घेते आणि त्याचे पैसे तिच्या हातावर ठेवते. स्वतःच्या कमाईचे पहिले पैसे हातात घेऊन ती मुलगी उभी राहते, तेव्हा ती अर्धी सापडली असे आम्ही समजतो. उरलेली अर्धी नवऱ्याने शोधली तरी चालेल.

या चित्रपटाचे पुढे जे झाले तेही सांगण्यासारखे आहे. चित्रपटगृहांत तो बेताचाच चालला. २६ एप्रिल २०२४ पासून तो घरोघरच्या पडद्यांवर दिसू लागला आणि एकाने दुसऱ्याला सांगून त्याचा बोलबाला झाला. त्याच वर्षी ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींसाठी तो न्यायालयाच्या आवारात दाखविला गेला, आणि सप्टेंबरमध्ये ऑस्करसाठी भारताचा अधिकृत चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. अंतिम नामांकनापर्यंत तो पोचला नाही. पण आम्हांला त्याचे दुःख नाही. बक्षिसासाठी लोक चित्रपट करीत असतील, आपण बक्षिसासाठी पाहत नाही.

दुसरा चित्रपट 'मंजुम्मल बॉईज'. दिग्दर्शक चिदंबरम. हा २२ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रदर्शित झाला. केरळात कोचीजवळ मंजुम्मल नावाची वस्ती आहे. तेथल्या मित्रांची एक टोळी २००६ साली तमिळनाडूतील कोडाईकॅनालला सहलीस गेली. तेथे खडकांच्या पोटात खोल भेगा असलेल्या गुहा आहेत. १९९१ साली कमल हासन यांच्या 'गुणा' चित्रपटाचे चित्रण तेथे झाले, तेव्हापासून त्यांना 'गुणा गुहा' म्हणतात. या टोळीतला सुभाष पालापाचोळ्याने झाकलेल्या एका भगदाडात पडला. ही घडलेली हकीकत आहे आणि चित्रपट तिच्यावरूनच घेतलेला आहे.

एरवी अशा टोळक्याकडे आपण कसे पाहतो? गाडीच्या खिडकीतून बाहेर लोंबकळणारी, आरडाओरडा करणारी, जेथे पाटी लावून मनाई केली असेल तेथेच जाणारी ही पोरे. आपणही त्यांना उनाड म्हणून मोकळे होतो. चित्रपट त्यांची तरफदारी करीत नाही. पाटी होती, मनाई होती, आणि ही मुले गेली, हे तो स्वच्छ दाखवितो. पण त्यानंतर तो विचारतो, आता काय? मदतीसाठी धावत गेलेल्या मुलांवर पोलीस आधी संशय घेतात आणि मारतात. तेथले लोक सांगतात, त्या भेगेत पडलेला आजवर कोणी परत आलेला नाही. अग्निशामक दलाची माणसे वरून वाकून पाहतात आणि खाली उतरायला कचरतात. त्यांचेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनाही बायकामुले आहेत. शेवटी टोळीतला कुट्टन कंबरेला दोर बांधतो आणि उतरतो.

आणि दोर ओढणारे कोण? तीच उनाड पोरे. चित्रपटाच्या आरंभी ती रस्सीखेच खेळताना दिसतात. तेव्हा आपल्याला वाटते, हा आपला वेळ काढण्याचा प्रसंग. पण भेगेच्या तोंडाशी जेव्हा दोन जीव एका दोरीला लोंबकळत असतात, तेव्हा ती रस्सीखेच कामी येते. आमच्या मते या चित्रपटाचे खरे मर्म येथे आहे. एकत्र हुंदडलेल्या दिवसांची, वाया गेलेल्या वाटणाऱ्या संध्याकाळींची किंमत काय, ते दोरीला ताण पडला म्हणजे कळते. सुभाष वर येतो तेव्हा 'गुणा'मधलेच इळैयराजांचे गीत वाजू लागते. मूळ चित्रपटात ते प्रियकराचे गीत होते. येथे ते मित्रासाठी वाजते, आणि ऐकणाऱ्याला शब्द कळत नसले तरी अर्थ चुकत नाही.

गंभीर चित्रपट लोकांना नको असतात, असे म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. या चित्रपटाने जगभर मिळून दोनशे कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमविला. मल्याळम चित्रपटसृष्टीत तेथवर पोचलेला तो पहिला चित्रपट. त्यात नायिका नाही, खलनायक नाही. आहे एक खड्डा, आणि त्यात पडलेल्याला सोडून न जाणारी माणसे.

तिसरा चित्रपट 'भ्रमयुगम', १५ फेब्रुवारी २०२४ चा. दिग्दर्शक राहुल सदाशिवन. रंगांच्या या जमान्यात तो अथपासून इतिपर्यंत कृष्णधवल आहे. सतराव्या शतकातला मलबार. गुलामगिरीच्या तडाख्यातून निसटलेला तेवन नावाचा एक तरुण गायक जंगलात भटकत एका पडक्या वाड्यात शिरतो. वाड्याचा धनी कोडुमोन पोट्टी. ही भूमिका मामुट्टी यांची. तिसरा एक स्वयंपाकी. एवढ्या तीन माणसांवर जवळजवळ सगळा चित्रपट उभा आहे. धनी या हलक्या मानलेल्या जातीतल्या गायकाचे स्वागत करतो, जातपात न पाहता त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतो, आणि एक दिवस सोंगट्यांचा डाव मांडतो. गायकाजवळ पणाला लावायला पैसा नाही. धनी म्हणतो, पैसा नसेना, तुझा वेळ लाव. डाव कोण हरणार ते सांगायला नको. त्या दिवसापासून गायक आपल्या वेळेचा धनी राहत नाही. वाड्याचे दार उघडे दिसते, पण त्याला बाहेर पडता येत नाही. आणि दिवस, महिने यांचा हिशेब सुटत सुटत त्याची स्वतःची ओळखच पुसट होऊ लागते.

भुताखेतांच्या चित्रपटांचे आम्ही फारसे चाहते नाही. पण या चित्रपटातले भय भुताचे नाही. सत्ता आधी जेवायला वाढते, मग खेळायला बसविते, आणि खेळता खेळता माणसाचा वेळ काढून घेते. वेळ गेला की आठवण जाते, आणि आठवण गेली की माणूस जागच्या जागी हरवतो. येथे त्याला शोधायला बाहेरून कोणी येत नाही. त्याने स्वतःलाच शोधायचे असते, आणि ते सगळ्यांत कठीण. मामुट्टींनी हा धनी असा उभा केला आहे की, तो जेवताना दिसला तरी पाहणाराचा घास घशाशी अडकावा. आपला वेळ कोण जिंकून घेत आहे, हा प्रश्न सतराव्या शतकापुरता नाही. खिशातल्या यंत्राकडे एक नजर टाकली तरी तो वाडा फार दूर नाही हे कळेल.

आता देशाबाहेर जाऊ. 'परफेक्ट डेज' हा चित्रपट जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी जपानमध्ये जाऊन जपानी भाषेत केला. त्याचा नायक हिरायामा टोकियो शहरातली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करतो. टोकियोच्या शिबुया भागात नामांकित वास्तुशिल्पींकडून आराखडे घेऊन अशी सतरा स्वच्छतागृहे बांधली गेली आहेत, त्यांतलीच ही. पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईच्या झाडूच्या आवाजाने हा मनुष्य जागा होतो, अंथरुणाची घडी घालतो, रोपांना पाणी घालतो, जुन्या कॅसेटी ऐकत कामावर जातो, दुपारी झाडाखाली बसून पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे छायाचित्र घेतो, रात्री वाचता वाचता झोपतो. दुसऱ्या दिवशी तेच. चित्रपट बहुतांशी एवढाच आहे. कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी कान येथे २०२३ साली सर्वश्रेष्ठ अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या तोंडी वाक्ये फारच थोडी आहेत, हे आपल्याकडच्या संवादलेखकांनी ध्यानात घ्यावे.

यातला एक छोटासा प्रसंग आमच्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. एका स्वच्छतागृहात त्याला आईपासून चुकलेला एक लहान मुलगा रडत बसलेला आढळतो. हिरायामा त्याचा हात धरून बाहेर आणतो. तेवढ्यात आई धावत येते, मुलाला ओढून घेते, आणि या माणसाने धरलेला मुलाचा हात ओल्या कागदाने पुसून काढते. आभार नाहीत, मान वर करून पाहणेही नाही. मूल मात्र जाता जाता वळून त्याला हात हलविते, आणि हिरायामाच्या चेहऱ्यावर हसू फुटते.

मूल सापडले, पण ज्याने शोधले तोच आईच्या नजरेतून हरवला! जे लोक आपला घाण झालेला संसार रोज स्वच्छ करून देतात त्यांचे चेहरे आपल्याला आठवतात का? आपल्या गावात पहाटे गटार उपसणाऱ्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आम्ही हा प्रश्न श्रोत्यांना विचारीत आहोत तसा स्वतःलाही विचारीत आहोत. हिरायामाच्या शांत चेहऱ्यावर काही टीकाकारांचा आक्षेप आहे. झाडूवाला असा सुखी दाखविला म्हणजे त्याच्या पगाराचा प्रश्न मिटत नाही, असे ते म्हणतात. आक्षेप खरा आहे. पण पगाराचा प्रश्न विचारण्यासाठीही आधी माणूस दिसावा लागतो. हा चित्रपट दोन तास त्याच्याकडेच पाहायला लावतो, आणि तो उपकार लहान नाही.

पाचवा चित्रपट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याच्यानंतर दुसरे काही बोलणे जड जाते. 'द झोन ऑफ इंटरेस्ट', दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर. नाझी जर्मनीच्या ताब्यातील पोलंडमध्ये आउशवित्झ येथे जी छळछावणी होती, तिचा प्रमुख रुडॉल्फ ह्यॉस. त्या छावणीत सुमारे ११ लक्ष माणसे मारली गेली. त्यांतली बहुसंख्य ज्यू होती. ह्यॉसचे घर छावणीच्या भिंतीला लागूनच होते. चित्रपट त्या घराचा आहे. बागेत फुले आहेत, मुलांसाठी पोहण्याचे टाके आहे, वाढदिवस आहेत, पाहुणे आहेत. घरची बाई वेली दाखविते, भाज्यांचे वाफे दाखविते. आणि भिंतीपलीकडून अखंड एक घरघर येत असते. मध्येच किंकाळी, मध्येच गोळीचा आवाज. भिंतीपलीकडचा छळ पडद्यावर एकदाही दाखविलेला नाही. तो फक्त ऐकू येतो. १० मार्च २०२४ रोजी झालेल्या ऑस्कर समारंभात या चित्रपटाला दोन पारितोषिके मिळाली. परभाषिक चित्रपटाचे एक आणि ध्वनीचे एक. ध्वनीचे पारितोषिक इतके योग्य ठिकाणी क्वचितच पडले असेल.

येथे माणसे हरवलेली नाहीत. शेजाऱ्यांनी ती जाणूनबुजून हरवून टाकली आहेत. छावणीतल्या कोणाचा तरी फरचा कोट घरात येतो. बाई तो अंगावर घालून आरशात पाहते, तेव्हा खिशात ओठांची लाली सापडते. वस्तू सापडली, तिची मालकीण कोठे आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. बाईची आई पाहुणी म्हणून येते, बाग पाहून हरखते, पण रात्री खिडकीतून दिसणारा जाळाचा उजेड तिला सहन होत नाही आणि ती कोणाला न सांगता निघून जाते. चिठ्ठी ठेवते, पण बोलत नाही. निघून जाणे हे विरोध करणे नव्हे, हे दिग्दर्शक एका शब्दानेही न सांगता सांगतो.

आणि या काळोखात एकच व्यक्ती शोधायला निघते. एक पोलिश मुलगी रात्री सायकलवरून येते आणि कैदी जेथे दिवसा राबतात तेथल्या मातीत सफरचंदे लपवून ठेवते. हा भाग उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतला आहे. सगळे जग काळे आणि ती मुलगी तेवढी उजळ. ही मुलगी एका खऱ्या व्यक्तीवरून घेतलेली आहे. आम्हांला वाटते, सगळ्या चित्रपटात ऊब आहे ती तिच्याच अंगात, आणि म्हणूनच कॅमेऱ्याला दुसरे काही उजेडात आणावेसे वाटले नाही. तिने किती जणांना वाचविले? कदाचित एकालाही नाही. पण भिंतीपलीकडे माणसे आहेत, हे ती विसरली नाही.

श्रोतेहो, पाच चित्रपट झाले. आता यादीबाहेरचा एक चित्रपट सांगतो. मे २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटाला कान येथे ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे पारितोषिक मिळाले. तेथील मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी दाखल झालेला हा भारतीय चित्रपट. त्यातही छाया कदम आहेत. मुंबईतल्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती. नवरा गेलेला, राहत्या घराचे कागद हाताशी नाहीत, आणि कागद नाही म्हणून तिचे तेथले राहणेच खोटे ठरते. ती रत्नागिरीकडे आपल्या गावी परतते. शहर माणसाला कसे हरवून टाकते ते गिरणगावच्या आठवणी सांगणाऱ्या कोणत्याही घरात विचारावे. आमची वसंतातली यादी जेथे संपली, तेथूनच हा चित्रपट पुढे निघाला, असे आम्ही मानतो.

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःविषयीचा. माणसांप्रमाणे चित्रपटही हरवतात. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. तोही पुरता उरलेला नाही. फाळक्यांचे जे काही आज पाहायला मिळते ते आपोआप उरले असे नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि पी. के. नायर नावाच्या गृहस्थांनी देशभर पायपीट करून रिळे गोळा केली. तेथेही सापडणे म्हणजे कोणाचे तरी कष्टच.

जुने चित्रपट असे हरवतात. नवे वेगळ्या रीतीने हरवतात. चांगला चित्रपट शुक्रवारी लागतो, सकाळचा एकच खेळ मिळतो, आणि पुढच्या शुक्रवारी उतरतो. त्याला शोधायचे काम संग्रहालयाचे नाही, सरकारचे नाही; ते तुमचे आमचे आहे. आवडता चित्रपट म्हणजे ज्याच्यासाठी आपण काही कष्ट घेतले तो. वेळ काढून गेलो, खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचत दुसऱ्या भाषेतला पाहिला, आणि घरी येऊन दुसऱ्याला सांगितले. 'लापता लेडीज' अशाच सांगण्यावर सापडला. म्हणून आमची एक विनंती आहे. यंदाच्या सालातला आपल्याला आवडलेला एक चित्रपट प्रत्येकाने निवडावा. गाजलेला नसला तर फारच उत्तम. आणि तो चौघांना बोलावून एकत्र बसून पाहावा. हाताशी पडदा लहान असला तरी चालेल. मन मोठे असले की भिंतीवर लावलेली चादरही पुरते.

आणि चित्रपट संपल्यावर दिवे लागले की एकमेकांकडे एकदा नीट पाहावे. अंधारात दोन तास ज्याला शोधीत होतो, तो कदाचित शेजारच्या खुर्चीवरच बसलेला असेल.